पडद्यावरचा मिशीवाला

३ जानेवारी १९५५

सिंदेवाहीच्या मिलवाल्या शेटनं धान नेताना ही डायरी हातावर ठेवली. मनकर्णा म्हणाली, कागद जाड आहे, चूल पेटवायला कामी पडेल. म्हणून मी ती धानाच्या ढोलीमागे लपवून ठेवली आहे. बायकोला वाचता येत नाही हे खरं, पण वाचून घेता येतं.

लिहायचं कारण असं की आमच्या नाट्यमंडळात काहीतरी शिजतं आहे आणि मला कुणी ताटात वाढत नाही. पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला गावात शंकरपट. दिवसभर बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक, हा आमचा शिरस्ता. नाटक नेहमीचंच, ‘वैरागडची राणी’. राजाचं काम बापूजी करतात. ते मंडळाचे अध्यक्ष आहेत, त्यामुळे दुसरा कुणी राजा व्हायचा प्रश्न येत नाही. राणी मी. तेरा वर्षं मीच. तळोधीपासून गडचिरोलीपर्यंत ‘डोमाची राणी’ म्हटलं की लोक भाकरी बांधून येतात, हे मी स्वतः सांगणं बरं दिसत नाही, पण डायरीत सांगायला काय हरकत आहे?

यंदा बापूजींनी नवा पडदा करायचा ठरवला. बागेतल्या प्रवेशाचा जुना पडदा उंदरांनी खाल्ला, मोराला पाय उरले नाहीत. नव्या पडद्यावर तलावाकाठी राजा राणीला कमळ देतो आहे असं पूर्ण चित्र असणार, जुन्या काळच्या पोशाखात. नागपूरहून भैयाजी पेंटर म्हणून एकजण आला आहे. तेंदूपत्त्याचं गोदाम या दिवसांत रिकामं असतं, तिथे त्याचा मुक्काम. राणी म्हणजे माझंच चित्र काढावं लागणार, म्हणून आपण होऊन भेटायला गेलो. त्यानं मला खालून वर पाहिलं आणि म्हणाला, “उद्या-परवा ये, पाहू.”

पाहू म्हणजे काय?

५ जानेवारी

पूर्ण साज करून गेलो. काठाची नऊवारी, खोटा अंबाडा, नाकाच्या एका अंगाला जास्तीची पावडर. लहानपणी विटी लागून माझं नाक डावीकडे कललं आहे. पावडर जमली की सरळ दिसतं. हे मंडळात कुणाला ठाऊक नाही.

पेंटरनं उभं राहायला सांगितलं. मी माझी ठेवणीतली अदा केली. राजा कमळ पुढे करतो तेव्हा राणी मान वळवते आणि कपाळावरची बट मनगटाच्या मागच्या बाजूनं सारते. बोटांनी नाही, मनगटानं. या एका अदेवर दरवर्षी टाळ्या पडतात. पेंटर विडी विझेपर्यंत पाहत राहिला.

“कुठून शिकला गा हे?”

“कुठून म्हणजे? माझंच आहे.”

“घरी कोण कोण असते?”

माझ्या अदेचा आणि माझ्या घरच्या माणसांचा काय संबंध? बाबा आणि बायको, एवढं सांगितलं. त्यानं कागदावर चार रेघा मारल्या आणि मला जायला सांगितलं. माणूस पन्नाशी उलटलेला आहे. पण पन्नाशी उलटलेल्याचं काही सांगता येत नाही, उलट त्यांनाच मोकळा वेळ असतो.

७ जानेवारी

आज पेंटर पाणी प्यायच्या निमित्तानं घरी आला. वाटेत तीन विहिरी आहेत, हे लिहून ठेवतो. मनकर्णा अंगण सारवत होती. हात शेणानं भरलेले, तोंडावर केस आलेले. तिनं मनगटानं केस मागे केले आणि “बसा जी” म्हणाली. पेंटर तिच्याकडे पाहून हसायलाच लागला. मोठ्यानं नाही, हरवलेली वस्तू सापडल्यावर माणूस हसतो तसा. पाणी अर्धवट ठेवून निघून गेला.

मी तिला विचारलं, तो का हसला. म्हणाली, “मले काय माहीत? माझ्या तोंडाले शेण लागलं असन.” शेण लागलेलं नव्हतं. मी नीट पाहिलं होतं.

९ जानेवारी

पडद्याच्या मांजरपाटाला रंग देण्याआधी चिंचोक्याची खळ द्यावी लागते म्हणे. रोज ताजी लागते. बापूजींनी परस्पर मनकर्णाला सांगितलं की खळ तूच शिजव, तुझा हात चांगला. म्हणजे रोज दुपारी ती हंडी घेऊन गोदामात जाणार. “दुसऱ्या बाया मेल्या काय?” मी म्हटलं. ती म्हणाली, “मंडळाचंच काम आहे ना? तुमचंच मंडळ.”

बरोबर बोलली, म्हणून जास्त राग आला.

११ जानेवारी

मला पुन्हा बोलावणं नाही. आणि आज बोडीच्या तळ्याच्या पाळीवरून येताना बांबूच्या बेटामागे माझीच वाक्यं ऐकू आली. “महाराज, कमळ तोडलंत, आता तलावाला काय देणार?” आवाज बारीक, गोड. वाकून पाहतो तर लटारू. आमच्या मंडळात दासीचं काम करतो, वीस-एकवीस वर्षांचा, ओठावर अजून धड लव नाही.

“काय करून राह्यला रे?”

“काई नाई भाऊ. असंच. गुणगुणून राह्यलो.”

असंच कोणी राणीचं अख्खं भाषण गुणगुणत नाही. मी बापूजींकडे गेलो. त्यांनी पानाचा डबा पुढे केला, बैलांच्या गोष्टी काढल्या आणि मला निरोप दिला. बापूजी पान देतात तेव्हा काहीतरी काढून घ्यायचं असतं, हा गावाचा अनुभव आहे.

मी राणी नसलो तर काय असेन, हा विचार आज पहिल्यांदा आला. चार एकर धानाचा शेतकरी, एवढाच. त्यासाठी मी काय नाही सोसलं? बाप जिवंत असताना ओठ साफ ठेवणारा या गावात मी एकटा आहे. आपल्यात बाप गेल्यावर मिशी उतरवतात. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी राणीसाठी ती उतरवली, तेव्हा बाबा दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. अजूनही परगावचा माणूस मला पाहून विचारतो, वडील कधी गेले? आणि बाबा तिथेच खाटेवर खोकत असतात.

१४ जानेवारी, संक्रांत

मनकर्णानं पेटीतलं निळं लुगडं काढून नेसलं. सण आहे, ठीक. पण तिळगूळ वाटून झाल्यावर त्याच लुगड्यानं खळीची हंडी घेऊन गोदामात गेली. खळ द्यायला निळं लुगडं लागतं का?

उन्हं उतरल्यावर आली. मनगटाला पिवळा डाग. म्हणाली, हळद आहे. मी हात धरून वास घेतला. हळद नव्हती, रंगाची माती होती. माणसानं सगळं एकदम बोलू नये, थोडं साठवावं.

ती मात्र आज खुशीत होती. भाकरी थापताना गुणगुणत होती. अशी ती कधीपासून गुणगुणली नव्हती ते आठवायचा प्रयत्न केला, आठवलं नाही.

१८ जानेवारी

पडदा पाहिला.

पेंटर दुपारी बोडीवर आंघोळीला जातो. गोदामाच्या मागच्या कुडाची एक फळी सैल आहे, तिथून आत शिरलो. पडदा अख्ख्या भिंतीवर ताणलेला. तलाव, कमळं, पलीकडे किल्ल्याचा बुरूज. आणि काठावर राणी. अंगभर दागिने, पायात तोडे, निळं लुगडं. मान वळवलेली, मनगटानं बट सारते आहे. माझी अदा, जशीच्या तशी.

चेहरा मनकर्णाचा.

आधी वाटलं, माझ्या बायकोला या माणसानं तासन्‌तास समोर उभं करून न्याहाळलं. मग वाटलं, तेरा वर्षं जी अदा मी घडवली ती हिनं उचलली आणि हीच राणी होऊन बसली. या दोन्हीतलं कोणतं जास्त लागलं ते अजून ठरलेलं नाही. राजाची नुसती रेघ आहे. तोंड कोरं, पण डोक्यावर मुकुटाऐवजी फेटा. कोशाच्या रेशमाचा असतो तसा पिवळट फेटा. वैरागडच्या राजाला फेटा कुणी सुचवला?

घरी येऊन तिला धारेवर धरलं. तिनं लपवलं नाही.

“पेंटरभाऊ म्हणाले, उभी राय. मी राह्यली.”

“मले काऊन नाई सांगितलं?”

“पट झाल्यावर दिसलंच असतं. अन तुमी कधी पुसलं मले काई?” मग चुलीत बघत म्हणाली, “तुमी मले पाह्याले आलते ते आठवते काय जी?”

आठवतं. मामासोबत तिच्या गावी बैल पाहायला गेलो होतो, आणि मामा म्हणाला पोरगीही पाहून घेऊ. धानाच्या रोवणीचे दिवस होते. मामाचा कोशाचा फेटा हौसेनं माझ्या डोक्याला बांधला होता. बैल फार देखणे होते.

“माझे हात चिखलाचे होते,” ती म्हणाली.

“विषय बदलू नको,” मी म्हटलं.

२२ जानेवारी

राजाला तोंड आलं. आज पुन्हा फळी सरकवून गेलो. न जाता राहवलं नाही.

हा बापूजी नाही. पेंटरही नाही. कोणी तिसराच. पंचविशीतला, सावळा, भरगच्च काळी मिशी, कोशाचा फेटा जरासा तिरपा. राणीकडे असा बघतो आहे की पडद्यावर तिसरं काही नाहीच. कमळ धरलेला हात शेतकऱ्याचा आहे, राजाचा नाही. आणि नाक डावीकडे कललेलं. एवढे रंग आणले, राजाला एक सरळ नाक देता आलं नाही.

पण खरी गोष्ट वेगळीच. हा माणूस मी पाहिलेला आहे. कुठे ते आठवत नाही. जंगल खात्याचा नवा गार्ड? सिंदेवाहीच्या मोटारीवरचा माणूस? की तिच्या माहेरच्या गावचा कोणी, मी बैल बघत असताना मागे उभा असलेला?

पेंटर आंघोळ करून लवकर परतला आणि मला पकडलं. ओशाळायची माझी पाळी होती, पण मीच विचारलं, “हा राजा कोण?”

“ज्यानं सांगितला त्याले पूस.”

“कोणी सांगितला?”

“राणीनं. समोर बसून एकेक गोष्ट सांगे. मिशी अशी, फेटा असा. तीन वेळा नाक पुसलं मी, तवा मनासारखं झालं तिच्या.” आणि माझ्याकडे बघत राहिला, मी आता काहीतरी बोलेन अशा आशेनं. मी आलो तसाच मागच्या फळीतून बाहेर पडलो.

२४ जानेवारी

बाजारात धान विकायला म्हणून गेलो आणि दिवसभर लोकांच्या मिशा पाहत फिरलो. एका तेल्यानं विचारलं, काय हरवलं बापा? तसं नाक कुणाचंच नाही.

परतताना बापूजींकडे गेलो. ते पडदा पाहून आले होते. विचारलं, राजाला ओळखता का. ते हसता हसता ठसक्यानं लाल झाले. “खरंच नाई ओळखला काय गा तू?” पोटाला हात लावून आत गेले आणि बायकोला सांगितलं. आतूनही हसू ऐकू आलं. लटारू ओट्यावर होता, त्यानं मान खाली घातली.

म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक आहे. ज्याचं जळतं त्यालाच धूर दिसत नाही.

२६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. लाडू खाऊन घरी आलो आणि सरळ विचारलं. “मनकर्णा, पडद्यावरचा तो माणूस कोण?”

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ. आधी वाटलं ती हसणार, ओठ तसे झाले होते. मग डोळे भरले.

“तुमीच सांगा,” ती म्हणाली. “चवदा वर्सं झाली. एवढं पाहून बी तुमाले...” घागर उचलून बाहेर गेली, घागर भरलेली असताना.

मन साफ असतं तर नावच सांगितलं असतं. रडू तेव्हाच येतं जेव्हा माणूस सापडतो. मीही मग जेवलो नाही. खोलीत खाटेवर पडून बायको दुसऱ्याची झाली म्हणजे नक्की काय होतं याचा विचार केला. तिच्या हातची भाजी, पाण्याला जाताना तिच्या पायांचा आवाज, बाबांना औषध देताना ती ज्या सुरात दटावते तो सूर. हे सगळं मी कधी मोजलेलं नव्हतं. मला भीती वाटली. राणीचं काम जाण्याची भीती वाटते त्याहून मोठी.

२८ जानेवारी

केलं.

पेंटर रंग आणायला सिंदेवाहीला गेला होता. गाडीच्या आसाचं काळं वंगण बांबूच्या नळीतून ओंजळभर काढलं, फळी सरकवली आणि त्या माणसाचं तोंड माखून टाकलं. आधी मिशी पुसली. मग डोळे. राणीला हात लावला नाही.

करताना फार बरं वाटलं. बोडीपर्यंत बरं वाटत होतं. हात धुताना वंगण निघेना. राखेनं घासले, मातीनं घासले.

३० जानेवारी

काल सगळं उघडं पडलं, करणाऱ्याचं नाव सोडून. बापूजींनी गावाला शिव्या दिल्या. पेंटर म्हणाला, सरसातल्या रंगावर तेलकट बसलं, आता वर कोणताच रंग धरणार नाही, कापड आतपर्यंत प्यायलं. तो माझ्या नखांकडे पाहत होता. नाव मात्र घेतलं नाही.

आज सकाळी तो निघाला. गाडीत बसताना मला म्हणाला, “पंचवीस वर्सं राजे रंगवून राह्यलो मी. राजा लागला का एकच तोंड काढतो, हात आपोआपच चालते. हा एकच होता ज्याच्याकडं कोणी प्रेमानं पाह्यलं होतं.” बैल हाकलले आणि गेला. मोठा बोलणारा आला. पण वाक्य कानातून जात नाही.

बापूजींनी ठरवलं आहे की पडदा तसाच टांगायचा. राजाच्या तोंडावर झाडाची सावली पडली असं लोकांनी समजायचं.

मनकर्णानं ताट वाढून पुढ्यात ठेवलं आणि विचारलं, “कोणी केलं असन जी?”

“कोणाले माहीत,” मी म्हटलं.

ती गेली. निळं लुगडं घडी करून पेटीच्या तळाशी ठेवताना दिसली. आज गुणगुणली नाही. मी जिंकलो असेन तर असं का वाटतं आहे?

३ फेब्रुवारी

काल पट झाला. आता सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

दुपारी बापूजींना हुरूप आला. छकड्यावर स्वतः बसले. बैल सुटले, वाळलेल्या बांधावर चाक उडालं आणि बापूजी खाली. पाय गुडघ्यातून गेला. वैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. संध्याकाळी मला खाटेजवळ बोलावलं.

“डोमा, राजा तुले करा लागते.”

“मी? अन राणी?”

“लटारू करन. त्याले पाठ आहे.”

“त्याले काऊन पाठ आहे?”

बापूजींनी डोळे मिटून घेतले. पाय दुखत असेल, पण तेवढ्यासाठी नाही. “दोन वर्सांपासून तुझा आवाज फाटून राह्यला बापा. लोक तुह्या नावानं येतात, म्हणून बोललो नाई. पट झाला का सांगणारच होतो. राजाचं भाषण तुह्याशिवाय कोणाले येते? तेरा वर्सं समोर उभा आहेस.”

म्हणजे हा संशय खरा होता. सगळा महिना संशय घेतला, त्यातला एक तरी खरा निघाला, पण समाधान झालं नाही. मी रडलो. बापूजींनी खांद्यावर हात ठेवला आणि या वेळी पान दिलं नाही.

मांडवामागे लटारू माझी नऊवारी नेसून उभा होता. मला पाहून घाबरला. मी त्याचा पदर नीट केला, कारण चुण्या वाकड्या होत्या आणि माझ्या राणीला वाकड्या चुण्या चालत नाहीत. मग राजाचा अंगरखा चढवला. तोंडाला काहीच करायचं नव्हतं, पुरुषाला पावडर कशाला. शेळीच्या केसांची मिशी डिंकानं चिकटवली. बापूजींचा मुकुट घातला तर तो कानांवर येऊन बसला. सगळे हसले. लटारू म्हणाला, फेटा बांधा, आणि कोणाला तरी माझ्या घरी पाठवलं.

घरून आला तो मामाचा कोशाचा फेटा. मला वाटत होतं तो मी लग्नानंतर परत केला. घडीत कडुनिंबाचा पाला होता, वाळलेला नाही, यंदाचा.

फेटा बांधला. जरा तिरपा बसला. गॅसबत्तीखाली आरसा खांबाला टांगलेला होता. मी त्यात पाहिलं आणि मागे वळलो, कोण उभं आहे ते बघायला.

मागे कोणी नव्हतं.

पुन्हा पाहिलं. काळी मिशी. कोशाचा फेटा. डावीकडे कललेलं नाक. बाजारभर ज्याला शोधत फिरलो तो. तेरा वर्षं मी आरशात पाहतो ते पावडर लावलेलं नाक आणि साफ ओठ. मिशीवाला डोमा मी तेवढ्या वर्षांत पाहिलेला नव्हता. तो फक्त एका माणसानं सांभाळून ठेवला होता, आणि मी त्याचं तोंड गाडीच्या वंगणानं माखलं होतं. बाकावर बसलो. लटारू म्हणाला, भाऊ, पाणी देऊ काय? मी म्हटलं, नको, मिशी सुटेल.

बागेतल्या प्रवेशाला पडदा सुटला. तळ्याचं पाणी बत्त्यांच्या उजेडात खरोखर हललं. लोकांनी “हो” केलं आणि मग गप्प झाले, कारण राणीसमोर तो काळा डाग. लोकांना ती सावली वाटली नाही. वाटणारच नव्हती.

मी गेलो आणि त्या डागाच्या पुढे उभा राहिलो. दोन पावलं मागे, जरा डावीकडे, फेटा बरोबर फेट्यावर येईल असा. हात वर केला तो रंगवलेल्या हातावर बसला. कुणीतरी मागून म्हणालं, अरे, पुरा झाला.

लटारू पुढे येऊन कुजबुजला, “भाऊ, समोर या ना.” राजा इथे पुढे येतो, राणीभोवती फिरतो, तसंच बसवलेलं आहे. मी हललो नाही. हललो असतो तर डाग दिसला असता. सगळं भाषण तिथूनच म्हटलं, माझ्या फाटलेल्या आवाजात. तो आवाज राजाला चालत होता. “जे तोडलं ते परत लावता येत नाही राणी, पण हात अजून पुढे आहे.” हे वाक्य बापूजींच्या तोंडून इतकी वर्षं ऐकलं. कधी ऐकलं नव्हतं.

बायकांच्या बाजूला पहिल्या ओळीत मनकर्णा होती. सगळा मांडव राजाकडे बघत होता, ती पडद्याकडे आणि राजाकडे आळीपाळीनं बघत होती. तिच्या कपाळावर बट आली. तिनं ती मनगटाच्या मागच्या बाजूनं सारली. हात शेणाचे नव्हते, चिखलाचे नव्हते, तरी मनगटानंच. सवयच तशी तिची. रोवणीतून बांधावर आली तेव्हा तिनं असंच केलं होतं आणि मी बैलांकडे पाहायला लागलो होतो, कारण तिच्याकडे पाहवेना. इतकी वर्षं टाळ्या मी घेतल्या.

सकाळी घरी आलो. मिशी अजून लावलेलीच होती. ती चुलीपाशी होती.

“वंगण मी लावलं,” मी म्हटलं.

“माहीत आहे. त्याच दिवशी दिसलं नखात.”

“मंग बोलली काऊन नाई? नाव तरी सांगायचं होतं त्याचं.”

“काय सांगू जी? नवऱ्याले सांगू का हा तूच आहेस?” तिनं भाकरी उलटली. “मले वाटलं, इतकं पाह्यल्यावर तुमीच ओळखसान. तुमी त्याचं तोंड पुसलं तवा वाटलं, तो मेलाच असन.”

मी ढोलीमागून ही डायरी काढली आणि तिला सगळी वाचून दाखवली, पहिल्या पानापासून. तीन विहिरींपाशी ती हसली. बाजारातल्या मिशांपाशी इतकी हसली की बाबा खाटेवरून ओरडले. अठ्ठावीस तारखेच्या पानावर हात ठेवून म्हणाली, हे पान राहू द्या.

११ फेब्रुवारी

लटारूला बोलावून अदा शिकवली. बोटांनी करत होता. मनकर्णाला म्हटलं, याला तूच दाखव. तिला लाज वाटली, पण दाखवली.

वस्तरा फडक्यात गुंडाळून वर ठेवला आहे. ओठावर काटे आले आहेत, खाज सुटते. बाबांनी जवळ बोलावून बोट फिरवलं आणि म्हणाले, “मी जिता आहो म्हणजे.” त्यांनी एवढंच म्हटलं, पण दुपारी भाकरी जास्त खाल्ली.

आज सकाळी आरशात बघत होतो. तो अजून आलेला नाही, महिना तरी लागेल. मनकर्णा मागे उभी होती. म्हणाली, “आला का सरळ घरात घ्या त्याले. कोण, कुठला, पुसत नोका बसू.”

मी म्हटलं, घेईन.